अतिप्रक्रियित अन्न : एका नव्या नावाची परीक्षा

शेतातून आलेला गहू जसाच्या तसा कोणी खात नाही. तो निवडून, दळून, भिजवून, मळून व भाजून घ्यावा लागतो, तेव्हा कोठे त्याची पोळी होते. तांदूळ व उडीद भिजत घालून वाटावे, वाटलेले पीठ रात्रभर आंबू द्यावे आणि मग वाफेवर शिजवावे, तेव्हा इडली तयार होते. टॅपिओकाच्या कडू जातींचे कंद उकडून त्यांचे पाणी फेकून देण्याची रीत आहे. तसे न केल्यास त्यांतील सायनाइडजनक द्रव्ये अपाय करतात. दुधाचे दही, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप, उसाचा गूळ, कैरीचे लोणचे ही सारी प्रक्रियेचीच फळे होत. मानवाच्या अन्नाचा इतिहास हा बव्हंशी अन्नावर केलेल्या प्रक्रियांचाच इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

असे असूनही आज 'प्रक्रिया' हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या मनात शंका उभी राहते. ह्याचे कारण 'अल्ट्रा-प्रोसेस्ड', म्हणजे 'अतिप्रक्रियित', अन्न हे नाव होय. गेल्या दीड दशकात ते प्रयोगशाळांतून वृत्तपत्रांत व वृत्तपत्रांतून स्वयंपाकघरात आले. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी सतरा आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही अशा अन्नाचे सेवन मर्यादित ठेवावे, असे सांगितलेले आहे. नाव सर्वतोमुखी झाले. परंतु ते एखाद्या पदार्थाला लावल्याने त्या पदार्थाविषयी आपल्याला नेमके काय कळते, हा प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही. तो येथे विचारावयाचा आहे. पाकिटांवर कोणत्या सूचना छापाव्यात, शाळांतून मुलांना काय खावयास द्यावे, कुपोषित बालकासाठी कोणता आहार निवडावा, ह्या गोष्टी आता काही अंशी ह्या नावावर ठरू लागल्या असल्यामुळे तो केवळ शब्दांचा प्रश्न राहिलेला नाही.

नावाचा उगम

हे नाव ब्राझीलमधून आले. साऊँ पाउलू विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो हे वैद्यकातील पदवीधर प्रारंभी बालकांच्या कुपोषणाचा अभ्यास करीत असत. पुढे त्यांच्या देशात प्रश्न उलटला. कृशतेच्या जागी स्थूलता आली. कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदी तपासताना मोंतेइरो व त्यांचे सहकारी ह्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. लोक पूर्वीपेक्षा साखर, तेल व मीठ कमी विकत घेत होते. आणि तरीही स्थूलता वाढतच होती. ह्या कोड्याचा उलगडा त्यांनी असा केला की, साखर व तेल घरातून नाहीसे झालेले नसून ते दुसऱ्या वाटेने घरात येत आहेत. घरी शिजविलेल्या अन्नाची जागा बिस्किटे, गोड पेये, सॉसेज व झटपट तयार होणारे पदार्थ ह्यांनी घेतली होती. तेव्हा अन्नातील घटक मोजण्यापेक्षा अन्न कोणत्या रीतीने व कोणत्या हेतूने तयार केले आहे हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, असा विचार त्यांनी २००९ मध्ये मांडला. त्यातून 'नोवा' हे वर्गीकरण तयार झाले. 'नोवा' म्हणजे पोर्तुगीज भाषेत 'नवी'. ब्राझीलच्या शासनाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली आहारतत्त्वे ह्याच विचारावर उभी आहेत.

नोवा वर्गीकरणात अन्नाचे चार गट केलेले आहेत. धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध, साधे दही, अंडी, मांस, मासे हे पदार्थ पहिल्या गटात येतात. ते वाळविलेले, दळलेले, गोठविलेले वा उकळलेले असले तरी चालतात. तेल, तूप, साखर, गूळ व मीठ ह्या स्वयंपाकात वापरावयाच्या द्रव्यांचा दुसरा गट होय. पहिल्या दोन गटांतील पदार्थ एकत्र करून साध्या रीतीने तयार केलेले लोणचे, खारे शेंगदाणे, चीज, भट्टीतील साधा पाव हे तिसऱ्या गटात पडतात. चौथा गट अतिप्रक्रियित अन्नाचा. धान्यापासून वा तेलबियांपासून अलग काढलेली प्रथिने, माल्टोडेक्स्ट्रिन, रूप बदललेली तेले, तसेच कृत्रिम स्वादद्रव्ये, रंग, गोडी आणणारी द्रव्ये व पायसीकारके, म्हणजे तेल व पाणी ह्यांचे मिश्रण टिकवून धरणारी द्रव्ये, अशा एरवी स्वयंपाकघरात न आढळणाऱ्या गोष्टी ज्यांच्या घडणीत असतात, ते पदार्थ ह्या गटातील समजावयाचे. नासू नये म्हणून घातलेल्या परिरक्षक द्रव्यामुळेच केवळ पदार्थ चौथ्या गटात जात नाही; रूप, रंग, चव वा पोत खुलविण्यासाठी घातलेली द्रव्ये ही त्याची खूण होय. हा भेद फार थोड्यांना ठाऊक असतो.

पुराव्याचे स्वरूप

ह्या नावाच्या बाजूने असलेला पुरावा दोन प्रकारचा आहे. पहिला प्रकार निरीक्षणाचा. सहस्रावधी लोकांचा आहार नोंदवून घ्यावयाचा आणि पुढे अनेक वर्षे त्यांच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवावयाचे. अशा पाहण्यांच्या ४५ एकत्रित विश्लेषणांचा मिळून एक आढावा २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक कोटी लोकांची माहिती आलेली आहे. अतिप्रक्रियित अन्न अधिक खाणाऱ्यांत हृदयविकाराने येणारा मृत्यू, मधुमेह, स्थूलता व मानसिक खिन्नता ह्यांचे प्रमाण अधिक आढळले. तथापि असे अन्न अधिक खाणारे लोक पुष्कळदा गरीब असतात, अपुरी झोप घेतात, धूम्रपान करतात. आणि ह्या सर्वांचा परिणाम गणिताने पूर्णपणे वेगळा काढता येतोच असे नाही.

म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याला, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाला, मोठे मोल आहे. असा प्रयोग केव्हिन हॉल ह्यांनी अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात केला व २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. वीस प्रौढ माणसे चार आठवडे तेथे राहिली. दोन आठवडे त्यांना अतिप्रक्रियित अन्न दिले व दोन आठवडे साधे अन्न. दोन्ही वेळी पुढे मांडलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ व तंतू सारखे ठेवलेले होते. खावे तेवढे खाण्याची मोकळीक होती. परिणाम स्पष्ट निघाला. अतिप्रक्रियित अन्नावर असताना ती माणसे दिवसाकाठी सुमारे ५०० उष्मांक अधिक घेत. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोग्रॅम वाढले आणि साध्या अन्नावर तेवढेच घटले. अन्नाच्या चवीविषयी विचारले असता दोन्ही आहार त्यांना सारखेच आवडल्याचे त्यांनी सांगितले होते.

ही माणसे अधिक का खात होती? एक कारण असे दिसले की ती भरभर खात होती. ते अन्न मऊ असल्यामुळे चावावे लागत नसे, आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचावयास जो अवधी लागतो तो मिळत नसे. दुसरे असे की, अतिप्रक्रियित आहारातील तंतूंची उणीव पेयात तंतू मिसळून भरून काढलेली होती. घन अन्नाच्या दर घासात मात्र उष्मांक अधिकच होते. ही गोष्ट समजावयास इंग्लंडमध्ये १९७७ साली झालेला एक साधा प्रयोग उपयोगी पडतो. दहा माणसांना सारख्याच प्रमाणातील सफरचंद एकदा फोडींच्या रूपाने, एकदा लगद्याच्या रूपाने व एकदा गाळलेल्या रसाच्या रूपाने दिले. फोडी खावयास जेवढा वेळ लागला त्याच्या अकराव्या हिश्शात रस पिऊन झाला. रसाने भूक सर्वांत कमी भागली. साखर तीच होती. फळाची घडण तेवढी मोडलेली होती. तेव्हा घटक सारखे असले म्हणजे अन्न सारखे झाले, हा जुना समज टिकत नाही, एवढे मोंतेइरो ह्यांचे म्हणणे मान्य करावेच लागते.

लंडन येथे झालेला व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग ह्याला थोडी मुरड घालतो. ५५ प्रौढांना आठ आठवडे एक आहार व आठ आठवडे दुसरा आहार दिला. परंतु ह्या वेळी दोन्ही आहार ब्रिटनच्या अधिकृत आहारतत्त्वांना धरून आखलेले होते. वजन दोन्ही आहारांवर घटले. साध्या अन्नावर ते सुमारे २ टक्क्यांनी व अतिप्रक्रियित अन्नावर सुमारे १ टक्क्याने कमी झाले. म्हणजे प्रक्रियेचा परिणाम होतो. आणि आहार सर्वांगांनी नीट आखलेला असेल तर प्रक्रिया होऊनही तो हितकर ठरू शकतो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात दिसाव्यात हे मोठे उद्बोधक आहे.

पायसीकारकांवरही संशय आहे. २०१५ मध्ये उंदरांवर व २०२२ मध्ये थोड्या माणसांवर केलेल्या प्रयोगांत काही पायसीकारकांमुळे आतड्यांतील जंतूंच्या वस्तीत पालट झालेला आढळला. ह्यातून रोग कितपत उद्भवतो हे ठरविण्याइतके काम अद्याप झालेले नाही.

नाव कोठे अपुरे पडते

कोणत्याही वर्गीकरणाची पहिली कसोटी अशी की, दोन जाणत्या माणसांनी तीच वस्तू पाहिली असता ती त्यांनी एकाच गटात घालावी. फ्रान्समध्ये ही कसोटी घेऊन पाहण्यात आली. आहार व पोषण ह्या विषयांतील दीडशेहून अधिक तज्ज्ञांना बाजारातील १२० पदार्थ, त्यांच्या घटकांच्या यादीसह, नोवाच्या चार गटांत वाटावयास सांगितले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत तज्ज्ञांचे एकमत फारच थोडे आढळले. घटकांची यादी हाती असूनही त्याने फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे फरसाणाच्या दुकानात हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. बेसन, तेल, मीठ व मसाला एवढ्याच वस्तूंची शेव तिसऱ्या गटात पडते. तिच्या शेजारच्या पाकिटातील शेवेत चिमूटभर माल्टोडेक्स्ट्रिन व स्वादद्रव्य असले की ती चौथ्या गटात जाते. तेल व मीठ दोन्हींत जवळजवळ सारखेच, आणि खाणाऱ्याचा हातही दोन्हींवर सारखाच चालतो.

दुसरी अडचण अशी की, चौथा गट फार मोठा आहे व त्यातील सभासद एकमेकांशी सारखे नाहीत. युरोपातील सात देशांतील २,६६,६६६ लोकांच्या पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, कर्करोग, हृदयविकार व मधुमेह ह्यांपैकी एकाहून अधिक व्याधी जडण्याशी गोड पेये व प्रक्रिया केलेले मांसजन्य पदार्थ ह्यांचा संबंध दिसला. परंतु त्याच गटातील पाव व न्याहारीची धान्ये ह्यांचा संबंध दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषिखात्यातील शास्त्रज्ञांनी एक विनोदाला साजेल असा उद्योग केला. ज्यातील ९१ टक्के उष्मांक अतिप्रक्रियित पदार्थांतून येतील असा सात दिवसांचा आहार त्यांनी कागदावर आखला. शासकीय मोजपट्टीने त्याला १०० पैकी ८६ गुण पडले. सर्वसामान्य अमेरिकन माणसाच्या आहाराला पडतात ५९. तो आहार कोणाला प्रत्यक्ष खाऊ घातलेला नव्हता, हे खरे; आणि त्यात मीठ अधिक व अखंड धान्ये कमी होती. त्या आहाराने प्रकृती सुधारते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. एवढे मात्र दिसले की पोषणाचे माप व प्रक्रियेचे माप ही दोन निरनिराळी मापे आहेत.

भारतीयांचे ताट

हे वर्गीकरण ज्या देशांत वाढले तेथे लोकांच्या आहाराचा मोठा भाग पाकिटांतून येतो. ब्रिटन व अमेरिका ह्या देशांत तो निम्म्याहून अधिक आहे. आपल्याकडील स्थिती अजून तशी नाही. २०२३-२४ च्या कुटुंबखर्च पाहणीप्रमाणे पेये, बाहेरचे खाणे व प्रक्रिया केलेले अन्न मिळून ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी ९.८४ टक्के व नागरी कुटुंबाच्या खर्चापैकी ११.०९ टक्के भाग जातो. आणि ह्यात हॉटेलातील थाळीही धरलेली आहे. तथापि मधुमेह आपल्याकडे वाट पाहत थांबलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये असा अंदाज दिला की, प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोक, मधुमेही आहेत. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये निघालेल्या आहारविषयक निष्कर्षांप्रमाणे भारतीयांचे सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थ व साखर ह्यांतून येतात. आणि त्यांतील पुष्कळसा भाग पांढरा तांदूळ, दळलेला गहू व साखर ह्यांचा असतो.

पांढरा तांदूळ नोवाच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे अगदी निर्दोष मानलेला. ह्याच तांदळाने एके काळी मोठा अनर्थ केला होता. गिरण्यांत सडून चकचकीत केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो, हे आइकमन ह्या डच वैद्यांनी जावा बेटात १८९० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. आपल्या देशात हा रोग आंध्रच्या किनाऱ्यावर, जेथे लोक न उकडलेला सडीक तांदूळ खात, तेथे फार होता. तमिळ प्रदेशात उकड्या तांदळाचा प्रघात असल्यामुळे तेथील लोक त्यातून बहुतांशी वाचले. भात भिजवून वाफविला असता कोंड्यातील थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, दाण्याच्या आत शिरते व मग सडतानाही टिकून राहते. येथे ध्यानात घेण्यासारखे असे की, ज्या तांदळावर एक प्रक्रिया अधिक झालेली होती तोच तांदूळ अधिक हितकर ठरला. प्रक्रिया किती झाली हे मोजून ही गोष्ट कधीच कळली नसती. त्या प्रक्रियेने दाण्यातून काय नेले व काय ठेवले हे पाहावे लागले.

अशी उदाहरणे आणखीही देता येतील. घरी केलेली जिलबी मैदा, दही, साखर व तूप एवढ्यांचीच असते. तेव्हा ती अतिप्रक्रियित नव्हे. रस्त्यावरील चरकातून निघालेल्या उसाच्या ताज्या रसात दर शंभर मिलिलिटरमागे बारा ते पंधरा ग्रॅम साखर असते, बाटलीतील कोला पेयात दहा ते अकरा. लोणचे तिसऱ्या गटात सुखाने नांदते; परंतु दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा गाठावयास लोणचे, पापड व चटणी ह्यांचा मोठा हातभार लागतो. ज्या गृहिणीला केवळ 'पाकिटातले खाऊ नका' एवढेच सांगितले आहे, तिला ह्यांपैकी काहीच कळणार नाही. उलट तिची अशी समजूत होईल की घरचे ते सारे पथ्याचे.

ह्याच्या उलट बाजूची चूक अधिक गंभीर आहे. अतितीव्र कुपोषित बालकांच्या उपचारासाठी शेंगदाण्याचा कूट, दूधभुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे ह्यांचा एक घट्ट लगदा १९९६ मध्ये फ्रान्समध्ये तयार करण्यात आला. तो शिजवावा लागत नाही, त्यात पाणी घालावे लागत नाही आणि म्हणून तो चटकन नासत नाही. अशा बालकांवर घरीच उपचार करण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी २००७ मध्ये अन्य संस्थांसह संमती दिली. नोवाच्या व्याख्येची काटेकोर अंमलबजावणी केली तर हा लगदा चौथ्या गटातच पडेल. तो आपल्या देशात वापरावा की स्थानिक धान्यांचे खाद्य द्यावे, ह्याविषयी वाद आहे व त्याला सबळ कारणेही आहेत. पण तो वाद बालकाचे वजन, खर्च व मातेची सोय ह्यांच्या आधारे व्हावा. ज्या देशात २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेथे अन्नात बाहेरून घातलेले प्रत्येक द्रव्य संशयास्पद ठरविणे परवडणारे नाही.

वनस्पती तुपाची हकीकत

येथवर वाचून कोणाला वाटेल की हे नाव टाकून द्यावे. तसे म्हणण्यापूर्वी आपल्याच देशातील एक जुना वाद आठवणे इष्ट होईल. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करावयाचे आणि तुपाच्या जागी विकावयाचे, ह्या 'वनस्पती'विरुद्ध महात्मा गांधींनी १९४६ मध्ये 'हरिजन' पत्रात लिहिले होते. त्यानंतरची काही वर्षे त्याच्यावर बंदी घालावी की काय ह्याचा खल वृत्तपत्रांतून व संसदेतही चालला. वनस्पतीचे कैवारी म्हणत, हे वनस्पतिजन्य तेलच आहे, ह्याचे उष्मांक तुपाएवढेच आहेत, उणीव असेल तर 'अ' जीवनसत्त्वाची, तेही आपण घालू. आणि खरोखरच १९५३ पासून ते घालणे सक्तीचे झाले. तुपात भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याचाही नियम झाला. तिळाचे तेल असले की विशिष्ट रासायनिक कसोटीत तांबडा रंग उमटतो. ज्ञात घटकांच्या हिशेबाने वनस्पती निर्दोष ठरली होती.

पुढे १९९० मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान ह्यांनी दाखवून दिले की, तेल अर्धवट घट्ट करताना जी 'ट्रान्स' मेदाम्ले तयार होतात, ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात. हृदयविकाराशी त्यांचा संबंध पुढील पाहण्यांनी दृढ केला. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी ह्या पदार्थावर अविश्वास दाखविला होता त्यांना ट्रान्स मेदाम्लांचे नावही ठाऊक नव्हते. त्यांची पुष्कळ कारणे चुकीची होती. तरीही त्यांची शंका खरी निघाली, आणि घटक मोजणाऱ्या तज्ज्ञांची खात्री खोटी ठरली.

प्रस्तुत लेखकाच्या मते अतिप्रक्रियित अन्न ह्या नावाचे खरे समर्थन ह्या हकीकतीत आहे. निसर्गात न आढळणारी घडण ज्या अन्नाला कारखान्यात दिली जाते, त्याविषयी 'आम्हांला ज्ञात असलेले सर्व घटक ठीक आहेत' एवढ्याने समाधान मानू नये, असे हे नाव बजावते. ते संशयितांची यादी देते. संशयिताला शिक्षा देण्यासाठी मात्र निराळा पुरावा लागतो. ट्रान्स मेदाम्लांचा बंदोबस्त झाला तो त्यांचे नाव व माप कळल्यावर झाला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेले व स्निग्ध पदार्थांतील त्यांचे प्रमाण २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर व जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणले. कारखानदाराला हा नियम समजतो, प्रयोगशाळेला तो तपासता येतो आणि न्यायालयात तो टिकतो. 'अतिप्रक्रियित' ह्या शब्दाविषयी असे म्हणता येत नाही.

कायदे करणारेही हळूहळू ह्याच निष्कर्षाकडे येत आहेत, असे दिसते. चिलीने २०१६ मध्ये पाकिटांच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोन छापण्याचा जो नियम केला, तो साखर, मीठ, संपृक्त मेद व उष्मांक ह्यांच्या मापावर बसविलेला आहे. त्यानंतर असे अष्टकोन असलेल्या पेयांची खरेदी जवळजवळ २४ टक्क्यांनी घटली. अर्थात् त्याच वेळी मुलांसाठी केल्या जाणाऱ्या जाहिरातींवर व शाळांतील विक्रीवरही बंधने आलेली असल्यामुळे सगळे श्रेय अष्टकोनाला देता येणार नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये शालेय भोजनासाठी अतिप्रक्रियित अन्नाची जी व्याख्या केली, तीत विशिष्ट पूरक द्रव्ये आणि साखर, मीठ वा संपृक्त मेद ह्यांचे आधिक्य अशा दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. आपल्याकडे दर्शनी भागावर तारे छापावेत असा मसुदा २०२२ मध्ये पुढे आला होता. ताऱ्यांनी दोष झाकले जातात, स्पष्ट इशारा हवा, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. आणि तो आक्षेप रास्त आहे.

पाकीट हाती घेतल्यावर

तोवर ग्राहकाला पाकिटाच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांवरच भिस्त ठेवावी लागते. तेथे घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. पहिल्या तिनांत साखर वा तेल असेल तर अधिक विचार करण्याचे फारसे कारण नाही. त्यापुढे काही अंक आढळतात व ते पाहून पुष्कळजण दचकतात. त्यांचे कारण नाही. ३०० म्हणजे आवळ्यात असणारे 'क' जीवनसत्त्व, ३३० म्हणजे लिंबातील आम्ल, आणि ५०० ह्या अंकाखाली जो पदार्थ येतो तो ढोकळ्यात घालतात तोच खाण्याचा सोडा. ३२२ म्हणजे सोयाबीनमधून मिळणारे लेसिथिन हे पायसीकारक. मात्र स्वादद्रव्य, रंग, पायसीकारक व गोडी आणणारे द्रव्य अशी चार-पाच नावे एकापाठोपाठ आली, तर मूळ अन्न फारसे रुचकर नव्हते व ते रुचकर करावे लागले आहे, एवढे खुशाल समजावे. मग शंभर ग्रॅममागे दिलेले साखर, सोडियम व संपृक्त मेद ह्यांचे आकडे पाहावेत. शेवटी ते अन्न किती भरभर संपते, ह्याकडे लक्ष द्यावे. हा आकडा पाकिटावर छापलेला नसतो.

किमतीचाही विचार येतो. हॉल ह्यांच्या प्रयोगात आठवड्याच्या अतिप्रक्रियित आहाराच्या घटकांना सुमारे १०६ डॉलर पडले, साध्या आहाराला सुमारे १५१. शिजविणाऱ्याचा वेळ त्यात धरलेला नव्हता. पहाटे कामावर निघणाऱ्या स्त्रीने मुलाच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटपुडा दिला, तर तिला वर्गीकरण शिकवून भागणार नाही.

शाळेच्या भोजनात हा प्रश्न आपल्याकडे एकदा प्रत्यक्षच उभा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांतून शिजविलेले भोजन द्यावे असा आदेश दिला. पुढे २००७-०८ च्या सुमारास, शिजविलेल्या भोजनाऐवजी बिस्किटांचे पुडे द्यावेत, अशी मागणी बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांमार्फत केली. बिस्किटांत जीवनसत्त्वे घालता येतात, ती स्वच्छ असतात, शिक्षकांचा वेळ वाचतो, असे तिचे म्हणणे होते. ती मागणी मान्य झाली नाही. त्या काळी 'अतिप्रक्रियित' हे नाव आपल्याकडे कोणाला माहीतही नव्हते. प्राथमिक वर्गातील मुलासाठी शासनाने १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरविलेले आहे. वरच्या वर्गांसाठी तेच १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम व ७.५ ग्रॅम असे आहे. डाळीचे हे २० ग्रॅम त्या मुलाच्या ताटात रोज खरोखर पडतात की नाही, हे मात्र अजूनही शाळाशाळांतून तागडी घेऊनच पाहावे लागते.